गुठळी नाही, हे कशावरून?

टेनिसपटू सेरेना विल्यम्सला १ सप्टेंबर २०१७ रोजी सिझेरियन होऊन मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिला अचानक धाप लागली. २०११ साली तिच्या फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या सापडल्या होत्या आणि रोजचं रक्त पातळ करणारं औषध आता शस्त्रक्रियेसाठी थांबवलेलं होतं. त्यामुळे आपल्याला काय होतंय, याचा अंदाज तिला लगेच आला. २०१८च्या सुरुवातीला 'व्होग' मासिकात आलेल्या हकिकतीनुसार ती खोलीबाहेर आली आणि परिचारिकेला गाठून तिने सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन लावा. वेदनाशामकांच्या गुंगीत ही काहीबाही बोलते आहे, असं परिचारिकेला वाटलं. सेरेनाने पिच्छा सोडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिच्या पायांची सोनोग्राफी केली. ती स्वच्छ निघाली. मग सीटी झाला आणि फुफ्फुसांत लहान लहान गुठळ्या दिसल्या. ही गोष्ट जगभर सांगितली गेली ती बहुधा एका खंबीर बाईची गोष्ट म्हणून. मला ती तशी वाचणं अपुरं वाटतं. सेरेनाच्या त्या मागणीमागे तीन गोष्टी होत्या: पूर्वी गुठळी झाली आहे, कालच शस्त्रक्रिया झाली आहे, औषध बंद आहे. डॉक्टर निदान ज्या माहितीवर करतात, तीच ही माहिती. रुग्णाने आपल्या प्रकृतीबद्दल ठामपणे बोलणं हा धीटपणाचा प्रश्न आहे असं आपण समजतो. निदान गुठळीच्या बाबतीत तरी ते बोलणं तपासणीचाच एक भाग असतं, आणि ते ऐकून घेतलं नाही तर तपासणी अर्धवट राहते.

हे पटण्यासाठी गुठळी कशी होते ते थोडं समजून घ्यायला हवं. जखम झाली की रक्त गोठतं, हे आपल्या भल्याचंच आहे. पण पायाच्या खोलवरच्या शिरेत, जखम नसताना रक्त गोठलं, तर त्याला डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत हृदयातून पुढे गेली आणि फुफ्फुसाच्या धमनीत अडकली, तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. पायातल्या गुठळीचा फुफ्फुसाशी असलेला हा संबंध जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्को याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उलगडून दाखवला. त्याच्या जन्मतारखेला, म्हणजे १३ ऑक्टोबरला, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन पाळतात. रक्तप्रवाह मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं, ही तीन कारणं आजही त्याच्या नावाने शिकवली जातात. मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टरमधला पाय, बाळंतपण, कर्करोग, संप्रेरकांच्या गोळ्या, तासन्‌तास एका जागी बसून केलेला प्रवास, असे सगळे धोके या तिन्हींपैकी कुठल्यातरी खणात जाऊन बसतात.

उपचार नाहीत, असंही नाही. १९६० साली ब्रिस्टलमधल्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुफ्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाला रक्त गोठू न देणारी औषधं दिली. औषध न मिळालेल्या एकोणीस जणांपैकी पाच जण गुठळीने दगावले. औषध मिळालेल्या सोळांपैकी गुठळीने एकही गेला नाही. हे आकडे पाहिल्यावर रुग्णांना औषधाविना ठेवून तसा प्रयोग पुन्हा करायला कोण धजावणार? म्हणजे औषध साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. अडचण आहे ती निदानापाशी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार फुफ्फुसात गुठळी अडकलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांमध्ये अचानक मृत्यू हेच पहिलं लक्षण असतं. ज्यांना शरीर आधी सूचना देतं, त्यांच्या बाबतीत त्या सूचना वाया जाऊ देणं म्हणूनच जास्त खटकतं.

आता या सूचना कशा असतात ते पाहू. एकाच पोटरीत दुखतं, सूज येते, पाय गरम लागतो. जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम लागतो. खोल श्वास घेतला की बरगडीखाली कळ येते. छाती धडधडते, कधी चक्कर येते. धाप, छातीत दुखणं आणि खोकल्यातून रक्त हे पुस्तकातलं त्रिकूट प्रत्यक्षात एकत्र क्वचितच भेटतं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्यातरी साध्या दुखण्याचंही असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंही. पोटरी दुखली तर वांब आला, मुरगळली, शीर दबली. छातीत दुखलं तर पित्त, गॅस. धाप लागली तर दमा, न्यूमोनिया किंवा वजन वाढलंय. आणि रुग्ण तरुण बाई असेल तर टेन्शन. यातलं एकही निदान मूर्खपणाचं नाही. दवाखान्यात पोटरीचं दुखणं घेऊन येणाऱ्या बहुतेकांना खरोखरच वांब आलेला असतो. चूक होते ती पुढे. एकदा कागदावर 'न्यूमोनिया' लिहिलं गेलं की पुढचा डॉक्टर तो कागद वाचून सुरुवात करतो, त्याच्या पुढचा त्या दोघांचं वाचून. प्रतिजैविकाने उतार पडला नाही तर प्रतिजैविक बदललं जातं, निदान तसंच राहतं. पहिल्या अंदाजाला चिकटून बसण्याची ही सवय माणसाच्या विचार करण्याच्या रीतीतच आहे. हुशारीने ती जात नाही. ती मोडायला बाहेरून एखादा प्रश्न यावा लागतो.

तो प्रश्न विचारायचा अधिकार रुग्णाला आहे का, त्याला काय कळतं, असं कोणी म्हणेल. इथे कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली गुणपद्धत पाहण्यासारखी आहे. फुफ्फुसात गुठळी असण्याची शक्यता किती, हे ठरवण्यासाठी ती अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात सात बाबी आहेत. पायात गुठळीची चिन्हं दिसली तर तीन गुण. नाडी मिनिटाला शंभराच्या वर असेल तर दीड. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तीन दिवस वा अधिक अंथरुणाला खिळून काढले असतील तर दीड, पूर्वी गुठळी झाली असेल तर दीड, खोकल्यातून रक्त पडलं असेल तर एक, कर्करोग असेल तर एक. सातवी बाब अशी, की दुसऱ्या कुठल्याही आजारापेक्षा गुठळीचीच शक्यता जास्त आहे असं डॉक्टरांना वाटत असेल तर तीन गुण. बेरीज चारच्या वर गेली तर थेट सीटी, चार किंवा कमी असेल तर आधी डी-डायमर नावाची रक्ततपासणी. आता हिशेब करा. शस्त्रक्रिया, जुनी गुठळी, रक्त पडणं आणि कर्करोग या चार बाबी डॉक्टरांना मुख्यतः रुग्णाच्या तोंडूनच कळतात, आणि त्यांचे गुण होतात पाच. म्हणजे स्टेथोस्कोप छातीला लागण्याआधीच रुग्णाचं बोलणं पारडं सीटीकडे झुकवू शकतं. शिवाय डॉक्टरांना काय वाटतं, हे ज्या तीन गुणांत मोजलं जातं, ते वाटणंही ऐकलेल्या हकिकतीवरच उभं असतं. बाळंतिणींसाठी ही पद्धत खास बेतलेली नाही, तरी गंमत म्हणून सेरेनाचे गुण मांडले तर नुसत्या जुन्या गुठळीचे आणि शस्त्रक्रियेचे मिळून तीन होतात आणि डॉक्टरांनी तिचा संशय मान्य केला असता तर सहा. तिच्या पायांची सोनोग्राफी करणं हेही काही अडाणीपणाचं पाऊल नव्हतं. पायात गुठळी सापडली असती तर सीटीचे किरण टाळून उपचार सुरू करता आले असते. मात्र पाय स्वच्छ निघाले म्हणून फुफ्फुस स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. म्हणूनच पुढे सीटी होणं गरजेचं होतं.

अडचण अशी, की हे सगळं सांगायला वेळ मिळत नाही. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्ण संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला रुग्णाचं बोलणं तोडतात असं आढळलं. २०१७ साली ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टरांच्या एका भेटीला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळतो आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास, असं दिसलं. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. दोन मिनिटांत आपण सुरुवात कशी करतो? 'काल मावशीकडे गेलो होतो, तिथे जेवण जरा जड झालं, रात्री झोप नाही लागली...' गुठळीच्या कामाची गोष्ट येईपर्यंत पुढच्या नंबराची हाक होते. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत काय सांगायचं ते घरीच ठरवून, शक्य तर कागदावर लिहून नेलेलं बरं: कधीपासून, एकाच पायात की दोन्ही, गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण, लांबचा प्रवास काय झालं, घरात कोणाला गुठळी झाली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत.

गोळ्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे नेमकी हीच माहिती गाळली जाते. गणपती, सत्यनारायण, लग्न, तीर्थयात्रा अशा निमित्ताने पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणं घरोघरी चालतं. कित्येकदा त्या चिठ्ठीशिवाय, शेजारणीच्या सांगण्यावरून आणल्या जातात. 'काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला अशी बाई सहज 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते औषधच नसतं. प्रत्यक्षात या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. निरोगी बाईला यातला धोका थोडाच, पण आधी गुठळी झालेल्या किंवा घरात तो इतिहास असलेल्या बाईला त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दुसरी आपली सवय म्हणजे पोटरी दुखली की तेल लावून चोळायची. साध्या वांबाला त्याने आराम पडतो हे खरं. पण एकच पोटरी सुजली असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत तिला मालिश करू नये. चोळल्यानंतर गुठळी सुटून फुफ्फुसात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. निदान चुकतं ते दर वेळी डॉक्टरांकडूनच असं नाही. एनबीसी वाहिनीचा वार्ताहर डेव्हिड ब्लूम २००३च्या इराक युद्धात सैन्याबरोबर चिंचोळ्या चिलखती वाहनात दिवसरात्र प्रवास करत होता. गुडघ्यामागे दुखू लागलं तेव्हा त्याने फोनवरून डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांना गुठळीचा संशय आला, दाखवून घे असं त्यांनी सांगितलं. तो ॲस्पिरिन घेऊन काम करत राहिला. ६ एप्रिल २००३ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, फुफ्फुसातल्या गुठळीने तो गेला. इथे डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता.

आता या साऱ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. प्रत्येक जण गुठळी गुठळी करत सीटी मागू लागला तर काय होईल? याचं उत्तर अमेरिकेने आधीच देऊन ठेवलं आहे. तिथे १९९८नंतर फुफ्फुसांच्या धमन्यांचा सीटी सहज उपलब्ध झाला. १९९८ ते २००६ या काळात गुठळीची निदानं लाखामागे ६२ वरून ११२ वर गेली, पण मृत्यू फारसे घटले नाहीत. २०११ साली हे आकडे मांडणाऱ्या संशोधकांचा निष्कर्ष असा होता, की सापडलेल्या कित्येक बारीक गुठळ्या कधी त्रास देणाऱ्या नव्हत्याच. सीटीत किरणोत्सर्ग आहे, रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, आणि नको असलेल्या निदानापायी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या तर रक्तस्रावाचा धोका आहेच. त्यात आपल्याकडे सीटीचं बिल खिशातून जातं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते, आणि म्हणूनच रुग्णाने स्कॅन मागू नये, असं माझं म्हणणं आहे. त्याने कारण मागावं. 'गुठळी नाही, हे कशावरून ठरवलं?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा बिनखर्चाचं असतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत आठ प्रश्नांची एक यादी वापरतात: वय पन्नासच्या आत आहे ना, नाडी शंभरच्या आत आहे ना, रक्तातला ऑक्सिजन ठीक आहे ना, एक पाय सुजलेला नाही ना, इस्ट्रोजेन चालू नाही ना, अशा धर्तीची. डॉक्टरांना मुळात संशय कमी असेल आणि आठही उत्तरं अनुकूल आली, तर रक्ततपासणीही करावी लागत नाही. संशय मध्यम असेल तर डी-डायमर आहे. ती तपासणी सदोष आहे पण एका दिशेने फार उपयोगी आहे. शस्त्रक्रिया, गर्भारपण, जंतुसंसर्ग, वाढतं वय अशा कशानेही तिचा आकडा वाढतो, त्यामुळे वाढलेला आकडा फारसं काही सांगत नाही. शक्यता कमी असलेल्या माणसात तो वाढलेला नसेल, तर गुठळी नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. नीट सांगितलेली हकिकत अशा रीतीने तपासण्या कमीही करते. सगळं सांगितलंय आणि डॉक्टर तरी सीटी नको म्हणताहेत, तर त्यात निष्काळजीपणाच असेल असं गृहीत धरू नये.

दुसरा आक्षेप आपल्या दवाखान्यांतला आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारला की ते दुखावतात. 'गूगल करून आलात वाटतं?' हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. या चिडण्यामागे थकवा आहे, अर्धवट माहितीने भांडायला आलेल्यांचा अनुभव आहे, हल्ल्यांची भीतीही आहे, आणि हे मी हलक्याने घेत नाही. पण आजाराचं नाव घेऊन जाणं आणि लक्षणं व इतिहास घेऊन जाणं यात फरक आहे. 'मला पल्मनरी एम्बोलिझम झालाय' म्हणणाऱ्याशी वाद होतो. 'तीन आठवड्यांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, परवापासून डावी पोटरी सुजली आहे आणि आज जिना चढताना धाप लागली' असं सांगणाऱ्याशी वाद घालायला जागाच उरत नाही. तरीही समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा उद्धटपणा नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितलेली कागदपत्रं रुग्णाला ७२ तासांत द्यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक झालं. धाप वाढली, भोवळ आली किंवा ओठ निळे पडू लागले तर मात्र दुसऱ्या मताची वाट पाहत बसू नये. तेव्हा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठायचा, रात्र असो की सुटी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. बोलण्याची सगळी जबाबदारी रुग्णावर टाकली, तर जो बोलू शकत नाही त्याचं काय? बेशुद्ध माणूस, सासू-नवऱ्यासमोर तोंड न उघडणारी बाळंतीण, डॉक्टरांची भाषा न समजणारा ऊसतोड मजूर. सेरेनाजवळ पैसा होता, कीर्ती होती, स्वतःच्या आजाराची माहिती होती, तरी तिचं बोलणं आधी गुंगीच्या खात्यात गेलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्यूदर गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं जात नाही हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तेव्हा रुग्णाला 'बोला' म्हणून मोकळं होता येत नाही. ऐकण्याची व्यवस्था करावी लागते, आणि ती करता येते हे दिसलेलं आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी जंतुसंसर्गातून झालेल्या सेप्सिसने गेली. आईवडील तिची प्रकृती बिघडतेय असं सांगत होते. त्यांनी नंतर केलेल्या पाठपुराव्यातून आलेला 'मार्थाचा नियम' २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत लागू होऊ लागला. प्रकृती ढासळते आहे असं रुग्णाला वा नातेवाइकांना वाटलं, तर त्या वॉर्डाबाहेरच्या वेगळ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते.

गुठळीच्या बाबतीत तर याहून साधी व्यवस्था उपलब्ध आहे. इंग्लंडने २०१० पासून रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या गुठळीच्या धोक्याची नोंद घेण्याचा आग्रह धरला आणि रुग्णालयांच्या निधीचा काही भाग त्याच्याशी जोडला. दाखल करतानाच फॉर्म हे प्रश्न विचारतो, रुग्णाला आवाज चढवावा लागत नाही. भारतीयांना गुठळ्या होत नाहीत, हा आजार गोऱ्यांचा, असा समज आपल्या वैद्यकीय वर्तुळातही दीर्घकाळ होता. 'एंडॉर्स' या बत्तीस देशांतल्या पाहणीत भारतीय रुग्णालयांचाही समावेश होता. तिथे तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना गुठळीचा धोका होता आणि त्यांतल्या एक पंचमांशाहूनही कमी रुग्णांना योग्य तो प्रतिबंधक उपचार मिळत होता. असा फॉर्म आपल्या रुग्णालयांत नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना, भूलतज्ज्ञांशी बोलताना, रुग्णाच्या बरोबर गेलेल्याने एवढं विचारून घ्यावं: यांना गुठळीचा धोका किती, इंजेक्शन किंवा घट्ट मोजे लागतील का, किती दिवस, आणि घरी गेल्यावर कोणती लक्षणं दिसली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.